सीमाभागातील रस्त्यांसाठी मोटारसायकलचे ब्रेक कसे निवडावेत: ड्रम, डिस्क, सीबीएस की एबीएस?

बेळगाव, निपाणी किंवा खानापूर येथील कोणत्याही शोरूममध्ये मोटारसायकल पाहायला गेले की बोलणे मायलेजपासून सुरू होते, मासिक हप्त्यावर येते, रंगावर थोडा वेळ रेंगाळते आणि ब्रेकचा विषय 'ड्रमचे मॉडेल हवे की डिस्कचे' एवढ्या एका प्रश्नात संपतो. त्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ जण किमतीतला काही हजारांचा फरक पाहून देतात. गाडी घेताना घाईने दिलेले हे उत्तर पुढची आठ-दहा वर्षे, प्रत्येक उतारावर आणि प्रत्येक पावसात, आपल्याबरोबर राहते. म्हणून ते कसे द्यावे हे क्रमाने मांडण्याचा प्रयत्न येथे केला आहे. ड्रम आणि डिस्क या ब्रेकच्या दोन रचना, सीबीएस म्हणजे एका दाबात दोन्ही ब्रेक लावणारी जोडणी आणि एबीएस म्हणजे चाक अडकू न देणारी यंत्रणा; प्रत्येकीचा तपशील पुढे येईल.

या विषयात माझे मत ठाम झाले ते बेळगावहून गोव्याकडे उतरणाऱ्या चोर्ला घाटात. पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम असलेली गाडी, मागे पत्नी, टाकीवर पिशवी, आणि कणकुंबी सोडल्यापासून सुरू असलेला पाऊस. उतारावर मी मागचा ब्रेक पायाखाली सतत थोडा दाबून ठेवला होता, कारण लहानपणापासून 'पुढचा ब्रेक मारू नको, पडशील' हेच ऐकले होते. अर्ध्या घाटात लायनर, म्हणजे ब्रेकच्या आतले घासणारे अस्तर, जळाल्याचा वास येऊ लागला, पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले आणि एका वळणापूर्वी गाडी हवी तेवढी हळू झालीच नाही. समोर वाहन नव्हते म्हणून निभावले. रस्त्याच्या कडेला अर्धा तास थांबल्यावर ब्रेक पूर्ववत झाला. दोष ब्रेकच्या प्रकाराचा जेवढा होता, त्याहून अधिक तो ब्रेक कसा चालतो हे मला ठाऊक नसण्याचा होता.

पहिली पायरी: आपला रस्ता आणि आपले ओझे कागदावर लिहा

शोरूममध्ये जाण्यापूर्वी घरी बसून दोन गोष्टी लिहून काढाव्यात. पहिली म्हणजे वर्षभरातील आपला बहुतेक प्रवास कोणत्या रस्त्यांवरून होतो, आणि दुसरी म्हणजे गाडीवर सहसा किती वजन असते. बेळगाव जिल्ह्यात या दोन्ही गोष्टी तालुक्यागणिक इतक्या बदलतात की एकाच घरातल्या दोन भावांनाही वेगळी गाडी योग्य ठरू शकते. उद्यमबागेत कामाला जाणारा, पिरनवाडी किंवा मच्छे येथे राहणारा कामगार रोज दहा-पंधरा किलोमीटर सपाट पण गर्दीच्या रस्त्यावरून जातो. जांबोटी-कणकुंबी भागातला माणूस पावसाळ्याचे चार महिने ओल्या, शेवाळलेल्या आणि लाल मातीने माखलेल्या वळणांवरून उतरतो. निपाणी-संकेश्वर पट्ट्यातला माणूस तवंदी घाटातून राष्ट्रीय महामार्गावर मालवाहू ट्रकांच्या मधून जातो. चिकोडी, रायबाग आणि अथणीकडच्या शेतकऱ्याला काळ्या मातीचा चिखल, उसाच्या हंगामातील ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि त्यांतून रस्त्यावर पडलेला ऊस व पाचट यांच्याशी गाठ घालावी लागते.

ओझ्याचा हिशेबही तितक्याच प्रामाणिकपणे करावा. पहाटे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून डेअरीला जाणारी गाडी, खताचे पोते मागे बांधलेली गाडी आणि एकट्या माणसाची गाडी यांचे ब्रेक एकसारखे वागत नाहीत. मागे वजन वाढले की मागचे चाक रस्त्याला अधिक घट्ट धरते आणि मागचा ब्रेक अधिक कामाचा होतो. मात्र थांबवायचे एकूण वजनही वाढलेले असल्याने ब्रेकमध्ये उष्णता अधिक तयार होते.

दुसरी पायरी: पुढचा ब्रेक हाच मुख्य ब्रेक आहे हे समजून घ्या

ही पायरी ओलांडून कोणी थेट ड्रम-डिस्कच्या चर्चेला लागू नये, कारण पुढचे सारे निर्णय याच्यावर उभे आहेत.

ब्रेक लावताच गाडीचे वजन पुढच्या चाकाकडे झुकते. साधे उदाहरण घ्यावे. गाडी १२० किलोची आणि चालवणारा ७० किलोचा, म्हणजे एकूण १९० किलो. गाडी उभी असताना त्यांपैकी साधारण ८५ किलो पुढच्या चाकावर आणि १०५ किलो मागच्या चाकावर असतात. दोन चाकांच्या मध्यांमधील अंतर १.३ मीटर आणि वजनाचा मध्य जमिनीपासून ६० सेंटीमीटर उंच धरला, तर कोरड्या डांबरावर जोरात ब्रेक लावल्यावर सुमारे ६० किलो वजन मागून पुढे सरकते. म्हणजे पुढच्या चाकावर १४५ आणि मागच्या चाकावर अवघे ४५ किलो उरतात. ज्या चाकावर वजन नाही ते चाक रस्त्याला धरू शकत नाही. त्यामुळे केवळ मागचा ब्रेक दाबला तर ते चाक लवकर अडकते आणि घासत जाते.

याचा परिणाम मीटरमध्ये पाहिला की विषय अधिक स्पष्ट होतो. वरच्याच गाडीने, त्याच कोरड्या रस्त्यावर, ताशी ६० किलोमीटर वेगावरून दोन्ही ब्रेक नीट वापरले तर ब्रेक लागल्यापासून सुमारे २० मीटरमध्ये ती थांबते. फक्त मागचा ब्रेक वापरला तर तिला जवळजवळ ४९ मीटर लागतात. याशिवाय धोका दिसल्यापासून हात-पाय हलेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी सुमारे १७ मीटर पुढे गेलेली असते, ते अंतर दोन्ही वेळा वेगळे धरावे लागते. मधला २९ मीटरचा फरक म्हणजे गावातल्या रस्त्यावर तीन-चार घरांची लांबी झाली.

'पुढचा ब्रेक मारला की माणूस पडतो' ही आपल्याकडची समजूत निराधार नाही. वळणावर, वाळूवर किंवा हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक एकदम आवळला तर पुढचे चाक अडकते आणि गाडी क्षणात आडवी होते. परंतु त्यावरचा उपाय पुढचा ब्रेक न वापरणे हा नसून तो हळूहळू दाब वाढवत वापरायला शिकणे आणि शक्य असेल तर ते चाक अडकू न देणारी यंत्रणा असलेली गाडी घेणे हा आहे. म्हणून माझा पहिला नियम असा आहे की ब्रेकवर खर्च करण्याजोगे जे पैसे असतील ते आधी पुढच्या चाकावर खर्च करावेत.

तिसरी पायरी: ड्रम की डिस्क

ड्रम ब्रेकमध्ये चाकाच्या मधोमध एक बंद डबा असतो आणि त्याच्या आत लायनर लावलेले दोन अर्धगोलाकार शू असतात. केबल किंवा रॉड ओढली की कॅम फिरतो, शू बाहेरच्या बाजूला पसरतात आणि फिरणाऱ्या डब्याला आतून घासतात. ही रचना स्वस्त आहे, धूळ-मातीपासून बऱ्यापैकी झाकलेली आहे आणि तिचे काम गावातल्या कोणत्याही मेकॅनिकला जमते. लायनर बदलणे, आतली धूळ झटकणे, कॅमला थोडे ग्रीस लावणे आणि नट फिरवून ब्रेक घट्ट करणे एवढीच तिची मुख्य देखभाल आहे. तिच्या दोन उणिवा आहेत. आत तयार झालेली उष्णता बाहेर पडायला वाट कमी असते, आणि ओढ्याच्या पाण्यातून गाडी नेल्यावर आत शिरलेले पाणीही लवकर निघत नाही.

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती उघड्यावर असते आणि कॅलिपरमधील दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. लिव्हर दाबला की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलचा दाब नळीतून कॅलिपरपर्यंत पोहोचतो. चकती वाऱ्यावर असल्याने लवकर थंड होते, पाणी फिरण्यानेच झटकले जाते, आणि मुख्य म्हणजे बोटांनी दिलेला दाब आणि ब्रेकची पकड यांचे प्रमाण नीट जाणवते. १९६९ साली होंडा सीबी ७५० या गाडीने पुढच्या चाकाला हायड्रॉलिक डिस्क देऊन हा प्रकार सर्वसामान्य ग्राहकापर्यंत आणला, तेव्हापासून वेगवान गाड्यांनी तो सोडलेला नाही.

घाटातील उष्णतेचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब देतो. १९० किलो वजन १०० मीटर उंचीवरून खाली आणताना जेवढी ऊर्जा मोकळी होते, तेवढ्या ऊर्जेने अर्धा लिटरहून अधिक पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत तापेल. कणकुंबीच्या पठारावरून साखळीकडे उतरताना अशा कित्येक शंभर मीटरांची उंची उतरावी लागते. ही ऊर्जा इंजिनाने घेतली नाही तर ती ब्रेकलाच घ्यावी लागते. माझ्या गाडीच्या मागच्या ड्रममध्ये त्या दिवशी नेमके हेच घडले होते.

मग प्रत्येकाने डिस्कच घ्यावी काय? जो माणूस बेळगावातल्या शहापूर-वडगाव-टिळकवाडी एवढ्याच टापूत ताशी ३०-४० किलोमीटरने फिरतो आणि पैशांची खरोखर ओढाताण आहे, त्याला चांगल्या स्थितीतील ड्रम ब्रेक पुरतो. बाकीच्या सर्वांनी, माझ्या मते, पुढची डिस्क घ्यावी. खानापूर तालुका आणि चंदगड-आंबोलीकडे वारंवार जाणारे यांच्याबाबत तर मला दुसरे मत संभवत नाही. मागच्या चाकाचे मात्र वेगळे आहे. त्याच्या वाट्याला कमी काम येते, तेथे ड्रम पुरेसा असतो, आणि ज्याच्या गाडीवर रोज ओझे असते त्याला तो सांभाळायलाही सोपा जातो. मागच्या डिस्कसाठी जादा पैसे देण्यापूर्वी पुढची यंत्रणा काय आहे ते पाहावे.

चौथी पायरी: सीबीएस, एक चॅनेल एबीएस आणि दोन चॅनेल एबीएस

ड्रम आणि डिस्क हे ब्रेकचे प्रकार आहेत, तर सीबीएस आणि एबीएस या ब्रेकवर देखरेख करणाऱ्या व्यवस्था आहेत. हा भेद न कळल्यामुळे 'डिस्क आहे म्हणजे एबीएस आहे' असा गैरसमज फार आढळतो.

आपल्या देशातील नियमानुसार १ एप्रिल २०१८ पासून बाजारात आलेल्या नव्या मॉडेलना आणि १ एप्रिल २०१९ पासून सर्वच नव्या दुचाकींना यांपैकी एक व्यवस्था सक्तीची झाली. १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना सीबीएस किंवा एबीएस आणि त्यावरच्या दुचाकींना एबीएस असा तो नियम आला. त्या नियमाने १२५ सीसीपर्यंतच्या गाडीत निवड आपल्या हाती ठेवली, आणि नेमक्या याच गाड्या आपल्याकडे सर्वाधिक घेतल्या जातात.

सीबीएसमध्ये मोटारसायकलचे मागच्या ब्रेकचे पेडल दाबले की एका जोडणीमार्फत पुढचा ब्रेकही थोडा लागतो. स्कूटरमध्ये हे काम डावा लिव्हर करतो. पुढचा ब्रेक वापरायला घाबरणाऱ्या माणसासाठी ही व्यवस्था उपकारक आहे, कारण त्याने केवळ पेडल दाबले तरी वर सांगितलेल्या ४९ मीटरांतले बरेच मीटर वाचतात. पण सीबीएस चाक अडकण्यापासून वाचवत नाही. ओल्या रस्त्यावर पेडल जोरात दाबले तर मागचे चाक तसेच घसरते. शिवाय मागचा ब्रेक घट्ट केल्यावर ही जोडणीही तपासावी लागते. तिची केबल सैल राहिली तर पुढचा ब्रेक लागतच नाही आणि गाडीमालकाला त्याचा पत्ता नसतो.

एबीएसचे काम निराळे आहे. चाकाजवळच्या दातेरी कड्यासमोर एक सेन्सर बसवलेला असतो आणि तो चाकाचा वेग सतत मोजतो. चाक एकाएकी थांबू लागले असे दिसताच नियंत्रक त्या चाकाच्या ब्रेक ऑइलचा दाब क्षणभर कमी करतो आणि पुन्हा वाढवतो, आणि हे एका सेकंदात अनेकदा घडते. लिव्हरला त्या वेळी जाणवणारी थरथर हा बिघाड नव्हे. घाबरून हात सैल न सोडता लिव्हर तसाच दाबून ठेवावा. १९८८ साली बीएमडब्ल्यूने के १०० या मोटारसायकलीत ही व्यवस्था प्रथम विक्रीस आणली, आणि पुढे ती बजाज प्लॅटिना ११० सारख्या लहान गाडीपर्यंत उतरली. एबीएसला हायड्रॉलिक दाब लागत असल्याने ज्या चाकाला एबीएस हवे त्याला डिस्क असावी लागते.

एक चॅनेल एबीएस केवळ पुढच्या चाकाची राखण करते. मागचे चाक अडकू शकते. दोन चॅनेलमध्ये दोन्ही चाकांवर लक्ष असते. येथे एक सूक्ष्म गोष्ट सांगावीशी वाटते. काही गाड्यांत एक चॅनेल एबीएसबरोबर मागेही डिस्क दिलेली असते. दिसायला ती जोडी भारदस्त वाटते, परंतु मागची डिस्क हलक्याशा दाबानेही जोरात लागते, तिच्यावर एबीएसची राखण नसते, आणि पावसात मागचे चाक अधिक सहज अडकते. एक चॅनेलच घ्यायचे असेल तर मागे ड्रम असलेली गाडी मला अधिक विश्वासाची वाटते. दोन चॅनेल घेणार असाल तर मागची डिस्क जरूर असावी.

एबीएसच्या मर्यादाही ठाऊक असाव्यात. सुट्या खडीवर, मुरमावर आणि चिखलात एबीएस चाकाला अडकू देत नाही, त्यामुळे चाकापुढे खडीचा ढीग साचून गाडी थांबण्याची जी मदत झाली असती ती मिळत नाही आणि थांबण्याचे अंतर वाढते. गाडी सरळ मात्र राहते. याच कारणाने रॉयल एनफील्ड हिमालयनसारख्या गाड्यांत मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय दिली गेली. ज्यांची शेतवाट खरोखरच किलोमीटरच्या किलोमीटर कच्ची आहे त्यांनी अशी सोय पाहावी. बाकीच्यांनी तिच्यासाठी अडून बसू नये. दुसरी मर्यादा वळणाची आहे. साधे एबीएस गाडी किती कललेली आहे हे ओळखत नाही. कललेल्या अवस्थेतही सांभाळणारी व्यवस्था महागड्या गाड्यांतच असते. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा, हे एबीएस असले तरी बदलत नाही.

पाचवी पायरी: कागदावर लिहिलेला रस्ता यंत्रणेशी जुळवा

आता पहिल्या पायरीत लिहिलेला कागद समोर घ्यावा.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, किंवा हिंडलगा-शिनोळीमार्गे आंबोली या दिशांना ज्यांचे जाणे-येणे आहे त्यांनी पुढे डिस्क आणि किमान एक चॅनेल एबीएस घ्यावे. शक्य असल्यास दोन चॅनेल घ्यावे. मलप्रभेचा उगम ज्या कणकुंबीला आहे तेथील पाऊस पाहिलेल्या माणसाला याचे कारण सांगावे लागत नाही. धुके, शेवाळ, पाण्याखाली न दिसणारा खड्डा आणि वळणावर अचानक समोर आलेले जनावर, या चारही प्रसंगी माणूस विचार न करता ब्रेक आवळतो, आणि तो विचार न करता आवळलेला ब्रेकच एबीएस सांभाळून घेते.

तवंदी घाट आणि महामार्गावर रोज जाणाऱ्यांचा प्रश्न वेगाचा आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबण्याचे अंतर चौपट होते. त्यांनी दोन चॅनेल एबीएस असलेल्या आणि पुढची चकती मोठी असलेल्या गाडीला प्राधान्य द्यावे. रस्ता ओला झाला की कोरड्यावर २० मीटरमध्ये थांबणारी गाडी सहज ३५ मीटर घेते, हे ट्रकच्या मागे जाताना ध्यानात असावे.

चिकोडी, रायबाग, अथणी आणि हुक्केरीच्या ऊस पट्ट्यात रस्ता बहुतांशी सपाट आणि सरळ असला तरी त्याचा पृष्ठभाग फसवा असतो. पाचटावर पाऊस किंवा दव पडले, शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती डांबरावर आणली, किंवा मळणीसाठी कोणी पीक रस्त्यावर पसरले, की चाक अडकायला निमित्त पुरते. हंगामात संध्याकाळनंतर मागचे दिवे नसलेली ट्रॉली एकाएकी समोर येते, ते वेगळेच. १२५ सीसीखालची गाडी घेणाऱ्या शेतकऱ्याला मी सुचवेन की पुढे डिस्क, मागे ड्रम आणि परवडत असेल तर पुढच्या चाकाला एबीएस ही जोडी पाहावी. ते जमत नसेल तर पुढची डिस्क व सीबीएस घ्यावे. ज्यांच्या गाडीवर रोज दुधाचे कॅन असतात त्यांनी मागच्या ड्रमचा आकारही विचारावा. ११० आणि १३० मिलीमीटर असे आकार सर्वसाधारण आढळतात, आणि ओझ्यासाठी मोठा आकार बरा.

शहरातल्या शहरात वापरायच्या स्कूटरबाबत फार खल करण्याचे कारण नाही. पुढची डिस्क आणि सीबीएस असेल तर ती घरातील सर्वांना पुरेशी आहे.

सहावी पायरी: दुरुस्ती कोण करणार हे आधी ठरवा

यंत्रणा कितीही चांगली असली तरी तिची निगा राखणारा माणूस जवळ नसेल तर दोन वर्षांत तिची रया जाते. बेळगाव, निपाणी, चिकोडी, गोकाक येथे डिस्कचे काम करणारे मेकॅनिक सहज मिळतात आणि एबीएसची तपासणी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये होते. आपल्या गावापासून असे ठिकाण किती दूर आहे, हे निवडीच्या वेळीच पाहावे.

डिस्कच्या देखभालीत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते ब्रेक ऑइलकडे. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि ओलावा वाढला की ते कमी तापमानाला उकळू लागते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी तो १५५ अंश धरला जातो. घाटात ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दबते, आणि लिव्हर हँडलला टेकूनही ब्रेक लागत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी, गाडी कमी चालली असली तरी, ऑइल बदलून नळीतील हवा काढून घ्यावी. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ हे लिहिलेले असते. तेच वापरावे आणि बंद डब्यातलेच वापरावे. हे ऑइल रंगावर सांडले तर रंग खाते, तेव्हा लगेच पाण्याने धुवावे.

पॅडवरील खाच दिसेनाशी होण्याआधी पॅड बदलावेत, आणि चकतीवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती झिजली असेल तर चकतीही बदलावी. ड्रमच्या बाबतीत बाहेरच्या प्लेटवर बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो खुणेपर्यंत पोहोचला तर लायनर संपले असे समजावे. नट आवळत राहून संपलेले लायनर चालवण्याची सवय आपल्याकडे फार आहे आणि ती धोक्याची आहे. खानापूरकडची लाल माती पॅड आणि चकतीच्या मध्ये बसून दोन्ही खरवडते, म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने चाके धुवावीत. मात्र प्रेशरच्या पाण्याचा झोत सेन्सरवर आणि चाकाच्या बेअरिंगवर थेट मारू देऊ नये.

या साऱ्या यंत्रणा शेवटी टायरच्या तळहाताएवढ्या स्पर्शावर अवलंबून असतात. दुचाकीच्या टायरची खाच किमान ०.८ मिलीमीटर असावी असा नियम आहे. आपल्या पावसासाठी मी त्याच्या दुप्पट खाच उरली असतानाच टायर बदलतो. गुळगुळीत टायरवर एबीएसही काही करू शकत नाही.

सातवी पायरी: चाचणी फेरी आणि जुनी गाडी

नवी गाडी ठरवण्यापूर्वी चाचणी फेरी मागावी आणि ती केवळ इंजिनासाठी घेऊ नये. मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगावरून पुढचा लिव्हर दोन बोटांनी हळूहळू दाबून पाहावा. दाब वाढवला तसा ब्रेक वाढत जातो, की काही वेळ काहीच होत नाही आणि मग एकदम लागतो, हे पाहावे. लिव्हर आपल्या हाताला लांब पडत असेल तर तो जवळ घेण्याची सोय आहे का, हे विचारावे. घरातील स्त्रिया गाडी चालवणार असतील तर ही फेरी त्यांनीही घ्यावी.

एबीएसचा दिवा समजून घेणे सोपे आहे. किल्ली फिरवल्यावर तो लागला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझला पाहिजे. चालत्या गाडीत तो लागून राहिला तर एबीएस काम करत नाही, साधे ब्रेक मात्र चालू राहतात. जुनी गाडी घेताना हे विशेष पाहावे, आणि किल्ली फिरवल्यावर दिवा लागतच नसेल तर बल्ब काढलेला किंवा वायर तोडलेली असण्याची शक्यता धरावी. गाडी २०१९ पूर्वीची असेल तर तिला सीबीएस किंवा एबीएस नसेलच असे गृहीत धरून तपासावे. चकती बोटाने चाचपून कडेला उंचवटा आहे का, ऑइल काळपट झाले आहे का, लिव्हर दाबून धरला असता हळूहळू खाली जातो का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या चकतीवर आलेला तांबूस थर पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो. त्यासाठी किंमत पाडून मागू नये.

ड्रमच्या जुन्या गाडीला डिस्क बसवून देण्याची तयारी काही गॅरेजवाले दाखवतात. त्यासाठी फोर्क, हब, मास्टर सिलिंडर असे बरेच भाग बदलावे लागतात, आणि कंपनीने ठरवलेल्या रचनेत असा बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे बंधन आहे. अपघातानंतर विमा कंपनी यावर बोट ठेवू शकते. एबीएस तर बाहेरून बसवण्याचा विचारही करू नये. त्या पैशांत जुनी गाडी देऊन डिस्कची गाडी घेणे शहाणपणाचे आहे.

आठवी पायरी: गाडी घरी आल्यावर

नवे पॅड आणि नवे लायनर पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये चकतीवर व ड्रममध्ये नीट बसतात, तोवर त्यांची पकड पूर्ण नसते. या काळात मध्यम वेगावरून मध्यम जोराने वारंवार ब्रेक लावावेत आणि घाटाचा बेत पुढे ढकलावा. त्याच दिवसांत गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर सराव करावा. आधी ताशी २० किलोमीटरवरून, मग ३० आणि मग ४० वरून, हँडल सरळ ठेवून, दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा दाब हळूहळू वाढवत लावावा. एबीएसची गाडी असेल तर एकदा मुद्दाम लिव्हर जोरात आवळून ती थरथर हाताला ओळखीची करून घ्यावी.

पहिल्यांदा घाटात उतराल तेव्हा चढताना जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरा आणि क्लच दाबून गाडी मोकळी सोडू नका. ब्रेक सतत धरून न ठेवता वळणापूर्वी दोन्ही ब्रेक नीट लावून वेग कमी करा आणि मग पूर्ण सोडा, म्हणजे पुढच्या वळणापर्यंत त्यांना थंड व्हायला वेळ मिळेल. ओढ्याच्या पाण्यातून गाडी बाहेर काढली की पुढच्या शंभर मीटरांत दोन-तीन वेळा हलका ब्रेक लावून तो कोरडा करून घ्यावा. लायनर जळाल्याचा वास आला किंवा पेडल खोल जाऊ लागले, तर पहिल्या रुंद जागेवर गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थांबावे आणि तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये.